दिग्याचे तीन गुरू

सुताराच्या दुकानात भुसा कुणी मुद्दाम साठवत नाही. करवत चालते, भुसा पडतो आणि एके दिवशी पाय ठेवायला जागा उरत नाही. किश्शांचंही तसंच. आम्ही म्हातारे संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी बसतो, कुणीतरी एक आठवण काढतो आणि मग ढीगच निघतो. मी आपला ऐकत बसतो. बोलायला मी मुळात संथ. पारू, म्हणजे माझी बायको, म्हणते, “तुमचं एक वाक्य संपेपातूर माझी भाकरी करपती.” म्हणून म्हटलं, लिहून बघावं. लिहिताना निदान कुणी मध्येच तोडत नाही!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका स्टुडिओत सेटचा सुतार होतो. शाळा सातवीत सुटलेली. आमची टोळी मात्र कॉलेजची. दिग्या, म्हणजे दिगंबर, कापडदुकानदाराचा मुलगा. बशीरच्या मामाचा फोटो स्टुडिओ होता. इराप्पा सीमेकडच्या गावातून शिकायला आलेला, अंगानं पैलवान, मनानं कोकरू. आणि ह्या तिघांत मी चौथा, कारण दिग्याला सिनेमा काढायचा होता आणि सिनेमाला दारं-खिडक्या लागतात.

सिनेमा साधासुधा नाही, थरारपट! बशीरच्या मामाकडं चावीचा छोटा कॅमेरा होता. घड्याळासारखी चावी भरायची आणि ती संपायच्या आत जे काय नाट्य करायचं ते करून टाकायचं.

आमच्यात बाकी काही कमी असेल, जळणं मात्र भरपूर होतं. दिग्या मोठमोठ्या दिग्दर्शकांवर जळायचा, बशीर दिग्यावर जळायचा, इराप्पा पडद्यावरच्या खलनायकांवर. आणि मी? मी गप्प बसून सगळ्यांवर!

*

दिग्याचे गुरू तीन. पहिले आमच्या स्टुडिओतले आबा. कोल्हापुरातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या प्रत्येक चित्रपटात संकट यायच्या आधी कंदील हलायचा. दुसरा मुंबईचा. त्याच्या चित्रपटात धूर. खून असो, लग्न असो, धूर असायचाच. तिसरा विलायती, रविवारी सकाळच्या खेळाला बघितलेला. त्याचा जिना. माणूस जिना चढायला लागला की प्रेक्षकांचा जीव वर.

“कंदील, धूर आणि जिना,” दिग्या म्हणायचा. “तिघांचं एकेक घ्यायचं आणि एकाच पिक्चरमध्ये ठेवायचं. तिघंबी गार!”

“आणि तुझं काय असणार त्यात?” बशीरनं विचारलं.

“माझं नाव!”

गुरू करायचे म्हणजे नुसते शॉट घेऊन भागत नाही. मुंबईवाल्याचा फोटो मासिकात आला होता, डोळ्यांवर काळा गॉगल. दिग्यानं तसाच गॉगल मिळवला आणि घालूनच टॉकीजमध्ये आला. खेळ सुरू झालेला, आत मिट्ट अंधार. आम्ही म्हणतोय, “काढ रे तो.” हा म्हणतोय, “मोठा माणूस असाच बघतो.” चाचपडत गेला आणि थेट एका पैलवानाच्या मांडीवर बसला.

पैलवान शांतपणे म्हणाला, “बसा बसा पावणं. पर इंटरव्हलला उतरा!”

*

आबांना हाताखाली एक पोरगा हवा होता. ही बातमी स्टुडिओत पसरली आणि दिग्या दुसऱ्या दिवशी हजर झाला.

मी तेव्हा शिडीवर होतो, महालाची कमान ठोकत. आबांच्या किती चित्रपटांचे सेट मी उभे केले, मला आठवत नाही. पण आबा माझ्याशी जे बोलले ते एवढंच, “ए सुतार, दार जरा डावीकडं घे.” माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

दिग्यानं विचारलं, “आबा, तुमचा कंदील नेहमी उजवीकडनंच का हलतो?”

आबा वळले. त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, “खुर्ची आणा रे ह्याला.” खुर्ची आली. चहा आला, तोसुद्धा कपबशीत! दोघं तासभर कंदिलावर बोलत बसले. मी वर शिडीवर. तोंडात खिळे धरले होते म्हणून बरं, नाहीतर काय बोलून गेलो असतो कुणास ठाऊक.

शेवटी आबा म्हणाले, “पिक्चर काढून दाखव. मग बघू.”

बाहेर आल्यावर दिग्याच्या पायात वारं शिरलं होतं. पण त्याच्या वडिलांनी वेगळंच सांगून ठेवलं होतं. दिवाळीपर्यंत काय खेळायचं ते खेळ, नंतर दुकानात मीटर हातात घ्यायचा. म्हणजे आबांनी घेतलं तर सिनेमा, नाही तर जन्मभर झंपराची कापडं!

“दत्त्या,” तो मला म्हणाला, “तू रोज आबांच्यासंगं असतोस. तुझं नशीब बघ!”

मी म्हटलं, “व्हय की.”

*

धुराचं काय करायचं? ओल्या गोवऱ्या पेटवून बघितल्या. धूर झाला, पण सगळी गल्ली बादल्या घेऊन धावत आली.

मग इराप्पाला सुचलं, गुऱ्हाळ! गुळाचे दिवस नुकतेच लागत होते. कोडोलीकडं एका शेतात गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीतून वाफेचे ढग निघत होते, चुलवाणातून धूर येत होता. दिग्या खुळाच झाला. “मुंबईवाल्यानं बघितलं तर जळून खाक होईल!”

पाठलागाचा शॉट होता. इराप्पा काळ्या कोटात, हातात सुरा, ढगांतून धावत येणार. चावी भरली. दिग्या ओरडला, “ॲक्शन!”

इराप्पा धावला. तेवढ्यात गुऱ्हाळवाला म्हातारा आडवा आला, हातात उसाच्या रसाची चरवी. “पावणं, शेतावर आलाय. आधी रस प्या, मग खून करा!”

कोल्हापुरात ह्यावर नाही म्हणता येत नाही. इराप्पानं एक चरवी घेतली. म्हाताऱ्यानं दुसरी दिली. नंतर ताजा गरम गूळ आला, त्यावर शेंगदाणे. तासाभरानं परत ॲक्शन झाली, तेव्हा खुनी पोटाला धरून चालत होता आणि ज्याचा पाठलाग व्हायचा तो बशीर पुढे जाऊन त्याची वाट बघत थांबला होता!

*

खुनी रेल्वेनं येतो, असा एक प्रसंग होता. त्यासाठी आम्ही हातकणंगल्याच्या स्टेशनावर गेलो. फलाटावर बाजारची गर्दी. कॅमेरा बघून सगळे टक लावून उभे राहिले. दिग्यानं ओरडून सांगितलं, “कॅमेऱ्याकडं कुणी बघू नका!” त्यामुळं ज्यांनी बघितला नव्हता त्यांनीही बघितला.

गाडी आली. इराप्पा एक स्टेशन आधी जाऊन तीत बसला होता. ठरल्याप्रमाणं काळा कोट, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर क्रूर भाव. दारात उभा राहिला आणि त्यानं सावकाश फलाटावर पाय ठेवला.

आणि अर्धा फलाट पळाला! कुणी कुंपणावरून उडी मारली, कुणी टोपली टाकून रुळांत उतरलं. एक म्हातारा तर संडासात शिरून कडी लावून बसला.

बिनतिकिटाच्या मंडळींना वाटलं, तिकीट तपासनीस आला!

पडद्यावर हा शॉट भयंकर दिसला. खुन्याला बघून आख्खं गाव पळतंय. दिग्या मांडीवर थाप मारून म्हणाला, “एवढी गर्दी एका शॉटमध्ये पळवलीय कुणी? आबांनी? त्या गोऱ्यानं?”

इराप्पा मात्र नाराज होता. “दिगू, माझा चेहरा बघून कुणीबी पळालं न्हाय रं. समदी कोट बघून पळाली.”

*

जिन्यासाठी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नवा जिना करायला लाकूड कुठलं? गोदामात आबांच्या एका पौराणिक चित्रपटातला जिना पडून होता. त्यावरून देव स्वर्गातून खाली उतरले होते. उंच, वळणाचा, फार देखणा. अडचण एकच, प्रत्येक पायरीवर रंगाऱ्यानं गुलाबी कमळ काढलेलं.

दिग्या म्हणाला, “घासून काढ.”

माझ्यानं होईना. रंगारी म्हातारा माझ्याच गल्लीतला, रोज भेटायचा. मी पायऱ्यांवर गोणपाट अंथरलं. शॉट सुरू झाला. इराप्पा सुरा घेऊन उतरतोय, भिंतीवर सावली लांबत चाललीय. मलासुद्धा भीती वाटली. तेवढ्यात त्याच्या पायानं गोणपाट सरकलं आणि हे एवढं मोठं कमळ उघडं पडलं!

बशीर कॅमेऱ्यामागून म्हणाला, “अरे, खुनी वैकुंठातनं यायलाय!”

दिग्या तरातरा घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळ्यांना सांगत सुटला, “कमळ मुद्दाम दाखवलंय. पाप आणि पुण्य एकाच पायरीवर! विलायतेतसुद्धा हे कुणाला सुचलेलं न्हाय!”

*

आता राहिली बाई. खून बाईचाच व्हायचा होता आणि कॉलेजातली एकही मुलगी मरायला तयार नव्हती. एकीचे वडील तर दिग्याला विचारायला घरी आले, “मारायला माझीच पोरगी दिसली व्हय रं?”

एके दुपारी पारू माझी भाकरी घेऊन गोदामात आली. उन्हातून आलेली, कपाळावर घाम, पदर खोचलेला. दिग्या तिच्याकडं बघतच राहिला. मग दोन्ही हातांची चौकट करून त्यातून बघायला लागला. “वहिनी, जरा उजेडाकडं तोंड करा. दत्त्या, अरे काय चेहरा आहे हा! तू सांगितलं न्हाईस कधी!”

मी काय सांगणार? चेहरा मी रोज बघत होतो. पण अशी चौकट करून कधी बघितला नव्हता, हे खरं. त्या क्षणी दिग्याचा मला जेवढा राग आला तेवढा आबांनी त्याला चहा दिला तेव्हाही आला नव्हता.

मला वाटलं, पारू नाही म्हणेल. पारू म्हणाली, “भावजी, पडद्यावरच्या पाटीवर माझं नाव येणार का?”

“येणार की!”

“मग मारा!”

*

खुनाचा दिवस. खोलीत आबांसारखा कंदील टांगला होता, तो उजवीकडून हलत होता. पारू खुर्चीत डोळे मिटून बसलेली. मागून खुन्याचे हात येणार आणि गळा दाबणार. पडद्यावर नुसते हात आणि तिचा चेहरा. फिल्म एवढ्याच शॉटपुरती उरली होती.

मी कोपऱ्यात स्टुलावर.

इराप्पा पुढे आला, हात उचलले आणि तसाच थांबला. “न्हाय जमत.”

“काय न्हाय जमत?”

“अक्का हाय ती माझी. तिच्या हातची भाकरी खाल्लीया. गळ्याला हात कसा लावू?”

दिग्यानं समजावलं, बशीर रागावला. इराप्पा डोळे पुसत बाहेर जाऊन बसला. मग दिग्यानं स्वतःच शर्टाच्या बाह्या सरसावल्या. “द्या तो कोट इकडं. मी करतो.”

मी आयुष्यात एवढ्या चटकन कधी उठलो नसेन. “मी करतो,” मी म्हटलं.

कोट मला ढगळ झाला. मी पारूच्या मागं उभा राहिलो. चावी भरली. “ॲक्शन!”

मी हात पुढे केले. दिव्यांच्या उष्णतेनं तिच्या केसांची एक बट गालावर चिकटली होती. ती मी अलगद सोडवली आणि कानामागं सारली. त्यानंतर आठवलं की आपण गळा दाबायला आलोय. हात गळ्याशी नेले. पण दाबायचं काही होईना. पारूनं डोळे उघडले, मान वर करून माझ्याकडं बघितलं. आणि चावी संपली.

दिग्या कपाळावर हात मारून ओरडला, “दत्त्या! खून कर म्हटलं होतं, संसार न्हवं!”

दुसरी फिल्म नव्हती. आहे तेच ठेवावं लागलं.

*

आबांना दाखवायचा दिवस ठरला. स्टुडिओच्या छोट्या खोलीत दुपारी पडदा लावला. आमच्या चित्रपटाला आवाज नव्हता, म्हणून बशीर पेटी घेऊन बसला. दिग्या इस्त्रीचा शर्ट घालून आबांच्या शेजारी. बाकीचे मागं भिंतीला. दिवाळी तोंडावर आली होती.

चित्रपट सुरू झाला. कंदील हलला. “हा माझा,” आबा म्हणाले.

गुऱ्हाळ आलं. “हा मुंबईवाल्याचा.”

जिना आला. “हा गोऱ्याचा. आणि जिना माझा!”

प्रत्येक वेळी दिग्या खुर्चीत थोडा खाली सरकायचा. शेवटी नुसतं डोकं दिसत होतं.

मग ते हात आले. केसांची बट मागं सारली गेली. आबांची सिगरेट तोंडाशी जाता जाता मध्येच थांबली. राख धोतरावर पडली तरी त्यांना कळलं नाही.

“थांबवा,” ते म्हणाले. “परत लावा.”

परत लावला. पुन्हा “परत.” बशीरची पेटीसुद्धा बंद पडली.

“हे कुणाचं?” आबांनी विचारलं.

दिग्यानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. आबांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारा दिग्या हळूच म्हणाला, “कुणाचंच न्हाय, आबा. ते चुकून झालंय.”

आबांनी सिगरेट विझवली. मग उठले, धोतर झटकलं. “चुकून झालेल्याचं काय खरं न्हाय. तुला जमायचं न्हाय हे. बापाचं दुकान हाय न्हवं? सांभाळ जा.”

एवढं बोलून गेले. दारात मात्र एकदा वळले आणि मोकळ्या पडद्याकडं बघितलं.

दिग्या हलला नाही. इराप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बशीर पेटी मिटत म्हणाला, “आबांचं तोंड बघितलं का? आपल्या घरी आमटी आणि शेजारी मटण शिजत असलं की हुतं, तसं!”

*

दिग्या दुकानात बसायला लागला. मी जाता-येता बघायचो. मांडीवर ठाण, हातात मीटर, बायका घासाघीस करतायत. मला वाटलं होतं, त्याला असं बघून मला जरा बरं वाटेल. वाटलं नाही. मी त्या रस्त्यानं जायचंच बंद केलं.

पुढच्या वर्षी आबांचा नवा चित्रपट लागला. सेट मीच ठोकले होते, पण शूटिंगला सुताराला आत कोण घेतं! दिग्यानं भर सणासुदीच्या दिवसांत दुकानाच्या फळ्या लावल्या आणि आम्हा सगळ्यांना तीनच्या खेळाला नेलं. पारूसुद्धा आली, नवं लुगडं नेसून.

अर्धा चित्रपट झाला. कंदील हलला. नायिका खुर्चीत डोळे मिटून बसलेली. मागून खलनायकाचे हात आले. मोठा नट, बोटात अंगठ्या. ते हात गळ्याशी जायच्या आधी थांबले आणि तिच्या गालावरची बट त्यांनी अलगद कानामागं सारली.

आख्ख्या टॉकीजनं श्वास रोखला. मग शिट्ट्यांचा पाऊस!

“चोरला!” बशीर ओरडला. “आबांनी आपला चोरला!”

इराप्पा उभाच राहिला. “चला, आत्ता जाऊन इचारू!” मागचे ओरडले, “ए पैलवान, खाली बस की!”

पारूचा हात आपोआप स्वतःच्या कानामागं गेला. मी दिग्याचं मनगट घट्ट धरलं. वाटलं, हा आता काहीतरी करून बसणार. पण तो पडद्यावरून नजर काढत नव्हता. उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. दुसऱ्याच्या हातातला पतंग वर जाताना पोर बघतं, तसा बघत होता.

“दत्त्या,” तो कानाशी म्हणाला, “उजेड बघ कसला टाकलाय लेकानं! आपल्याला का सुचला न्हाय?”

खेळ सुटल्यावर तो म्हणाला, “मला आबांच्या घरी सोड.” मी त्याला सायकलवर डबलसीट घेतलं. आबांच्या फाटकापाशी तो उतरला आणि सरळ आत गेला. मी बाहेर सायकल धरून उभा. त्या फाटकाच्या आत मी तोवर कधी गेलो नव्हतो. कान देऊन ऐकत होतो, आता भांडण, मग भांडण. आतून आवाज नाही. फक्त एकदा कपबशी वाजली.

दिवेलागण झाली तेव्हा दिग्या बाहेर आला. मागं बसला. बिंदू चौकापर्यंत मी सायकल हाणली. शेवटी मीच विचारलं, “काय म्हणालास त्यांना?”

“म्हटलं, आबा, शॉट चुकलाय. बट सारल्यावर बाईनं डोळे उघडून वर बघितलंच न्हाय.”

माझा पाय पायडलवरच थांबला. “मग? ते काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘ठावं हाय मला. उद्या सातला स्टुडिओत ये.’”